चार दिवसांचं माहेर

(शिरढोण, ता. पनवेल येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



फार दिवसांनी घरी परतण्याच्या कवितांवर बोलायला मला सांगितलं आहे. मी कवितेची अभ्यासक नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं, सल्ला केंद्रात बायकांचं म्हणणं ऐकते. तेव्हा मी जे बोलेन, ते तिथूनच.

या गावात परतण्याची गोष्ट निघाली की वासुदेव बळवंत फडके आठवतात. 1845 साली ते इथे जन्मले. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला असताना आईच्या आजारपणाचा निरोप आला. रजा वेळेवर मिळाली नाही. घरी पोचले तेव्हा आई गेली होती. पुढे बंड, अटक, जन्मठेप, आणि 1883 साली एडनला कैदेतच मृत्यू. 1909 साली सावरकरांनी ब्राइटनच्या किनाऱ्यावर समुद्राला उद्देशून कविता केली, तीही घरी परतण्याच्या ओढीचीच. या पुरुषांच्या वाटेत सरकार आडवं आलं, समुद्र आडवा आला. पण परत गेलो तर ते घर आपलं असेल का, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

बाईच्या गाण्यात हाच प्रश्न पहिला असतो. हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखावर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. जात्यावर बसलेली बाई माहेरच्या वाटेकडे डोळे लावून असते. सणाला न्यायला येणाऱ्या भावाची, मुऱ्हाळ्याची, ती वाट पाहते. आई आहे तोवर माहेर, नंतर राज्य भावजयीचं, हेही ती गाते. वाट सात समुद्रांची नसते, दोन कोसांची असते. तरी वर्षानुवर्षं ओलांडता येत नाही, कारण जायचं तर सासरची परवानगी हवी आणि माहेरचं बोलावणं हवं.

आपल्याकडे गौरी येतात. गौर म्हणजे माहेरवाशीण. पहिल्या दिवशी तिला वाजतगाजत आणायची, दुसऱ्या दिवशी गोडधोड, तिसऱ्या दिवशी पाण्यात सोडायची. देवीलासुद्धा आपण मुक्काम वाढवू देत नाही!

बहिणाबाई चौधरींच्या कविता त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 साली पुस्तकरूपाने आल्या. माहेरच्या वाटेवरच्या त्यांच्या कवितेत एक योगी बाईला विचारतो, सासरी राहून माहेरचे गोडवे का गातेस? तिचं उत्तर असं की, पुढे आपल्या मुलीला यायला घर असावं म्हणून आई सासरी टिकून राहते. हे उत्तर ऐकून आपले डोळे भरतात. पण जरा थांबून विचार करू या. म्हणजे मुलीच्या चार दिवसांच्या सुखाची किंमत आईने जन्मभर सोसून भरायची, आणि तीच रीत मुलीने पुढे चालवायची?

आमच्या केंद्रात एक बाई आली होती. मार खाऊन, दोन मुलं घेऊन बारा वर्षांनी ती माहेरी परतली होती. चार दिवस सगळ्यांनी नीट केलं. पाचव्या दिवशी भावाने विचारलं, "जायचं कधी?" आणि त्याच आठवड्यात तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं. ती म्हणाली, "ताई, सही नाही केली तर माहेर तुटेल." मी विचारलं, "आणि केली तर?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तरी पाचव्या दिवशी विचारतीलच."

पनवेलच्या आसपास हे सगळीकडे चाललं आहे. 2025 साली विमानतळ सुरू झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून जमिनीचे भाव चढत होते. भाव चढले की विसरलेल्या बहिणीची आठवण होते, सहीपुरती.

हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने 1994 साली दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्माने हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अटही गेली. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो. म्हणजे कायद्याने ती त्या घरात पाहुणी नाही.

भावाशी भांडाच, असं मी सांगत नाही. मला भाऊ आहे, दिवाळीला मीही वाट पाहते. पण सही करण्याआधी सात-बारा मागा, फेरफार बघा, कागद घरी आणून मंडळात वाचून घ्या. प्रेमाने सोडायचं असेल तर समजून-उमजून सोडा. माहेर तुटेल या भीतीने नको. आणि आपली लेक मार खाऊन दारात उभी राहिली, तर पाचव्या दिवशी तिला "जायचं कधी" विचारू नका. हे आपल्याला आज, आपल्याच घरात करता येण्यासारखं आहे.

ज्यांना माहेरच्या ओव्या येतात, त्यांनी चहा झाल्यावर थांबावं. आपण त्या म्हणू, लिहून घेऊ. आणि बाई माहेरी येते नि परत जायची तिथी कुणी विचारत नाही, अशी एखादी नवी ओवी जमते का, तेही बघू.