तेलघाणा आणि गावाचे अर्थकारण
(कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणावरून)



ग्रामोद्योगांचा विषय निघाला की चर्चा बहुधा भावनेच्या अंगाने जाते. वस्तुतः हा हिशेबाचा प्रश्न आहे. तेलघाण्याचे उदाहरण घेतले म्हणजे ते ध्यानात येते.

सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात रब्बी ज्वारीबरोबर करडई घेण्याची रीत होती. कडेच्या काटेरी करडईमुळे जनावरे पिकात शिरत नसत. बी गावातल्या घाण्यावर जाई. तेल घरी येई, पेंड गोठ्यात जाई, शेण पुन्हा शेतात पडे आणि गाळपाची मजुरी गावातच राही. पुढे या भागात सोयाबीन पसरले. त्यात तेल वीस टक्क्यांच्या आसपास. घाण्याला ते परवडत नाही. साहजिकच पीक दूरच्या कारखान्याकडे जाते आणि पेंडही त्याच वाटेने जाते. गावाच्या हाती एकदाचे पैसे येतात आणि त्याच पैशांतून तेल व पशुखाद्य बाहेरून विकत घ्यावे लागते.

हा बदल केवळ यंत्राच्या श्रेष्ठतेने झाला, असे मानणे चूक आहे. त्यामागे धोरण आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने, जे. सी. कुमारप्पांच्या चिटणीसपदाच्या काळात, वर्ध्याच्या मगनवाडीत सुधारित घाणीवर प्रयोग केले. १९७७ च्या जनता राजवटीने लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची संख्या पाचशेवर नेली. उलट १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली झाली, आणि २०१५ साली राखीव यादीतील शेवटच्या २० वस्तूंचेही संरक्षण गेले. त्यांत विद्रावकाविना काढलेले भुईमुगाचे व मोहरीचे तेल होते. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. घाण्याचे तेल महाग पडते. मजुराच्या घरात पामतेलच परवडते. घाण्याच्या पेंडीत अधिक तेल उरते, हेही खरे. मात्र ते वाया जात नाही, जनावराच्या पोटात जाते. तरीही गरिबाने चढा भाव देऊन ग्रामोद्योग जगवावा, असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. तो भार समाजाने उचलला पाहिजे. आश्रमशाळा, वसतिगृहे व शालेय आहार यांसाठी लागणारे तेल सरकारने तालुक्यातल्या घाण्यांकडून रास्त भावाने घ्यावे. धान्याला हमीभाव मागणाऱ्या चळवळीने ही मागणीही तितक्याच जोराने केली पाहिजे.

आणखी एक सावधगिरी हवी. जुना घाणा जातीने बांधलेला होता. त्या व्यवस्थेचे पुनरुज्जीवन हे समाजवाद्यांचे ध्येय असू शकत नाही. छोट्या घाण्याचा मालकही मजुराला नाडू शकतो. म्हणून नवा घाणा विजेवर चालणारा, सहकारी मालकीचा, भूमिहीन व स्त्रिया यांना सभासदत्व देणारा आणि किमान वेतन पाळणारा असला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या गावापुरता एक हिशेब मांडावा : वर्षाला किती तेलबिया बाहेर जातात, आणि किती रुपयांचे तेल व पेंड आत येते? हा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवला, तर चर्चेला फार प्रस्तावना लागणार नाही.