गहू मानवत नाही, म्हणजे काय?



वसंतातले व्याख्यान म्हटले की विषय साहित्याचा, इतिहासाचा किंवा अध्यात्माचा असावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही मात्र आज आपल्यापुढे कणकेचा विषय घेऊन उभे आहोत. शहापूर-मुरबाडच्या या भातखाचरांच्या मुलखात गव्हाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. येथे तांदळाची भाकरी, नाचणीची आंबील आणि वरईचा भात ही पिढ्यान्‌पिढ्यांची अन्ने. गहू सणासुदीचा पाहुणा. पण तो पाहुणा आता घरचा झाला आहे. १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा गहू आला, पुढे रेशनच्या दुकानातून देशी गहू आला, आणि आज पाड्यावरच्या पोराच्या हातातही सकाळी चहाबरोबर बिस्किट असते. त्यामुळे गव्हाने होणारा आजार आपणांस माहीत नसून चालणार नाही.

या बाबतीत दोन परस्परविरुद्ध चुका एकाच वेळी होत आहेत. ज्याला खरोखर आजार आहे त्याला तो आहे हे ठाऊक नाही; आणि ज्याला तो नाही, असे कित्येकजण कोणाचे तरी ऐकून पोळी सोडून बसले आहेत. दोन्ही चुकांवर उपाय एकच आहे. आमच्या आजच्या भाषणाचे सार चार शब्दांत सांगावयाचे तर ते असे: आधी चाचणी, मग पथ्य.

प्रथम ग्लूटेन म्हणजे काय ते पाहू. पुरणपोळीची कणीक सैल मळून तिंबली की ती रबरासारखी ताणली जाते. तांदळाच्या पिठाला मात्र उकड काढल्याशिवाय आकार धरत नाही. हा जो ताण, तोच ग्लूटेन. कणकेचा गोळा वाहत्या पाण्याखाली चोळत राहिले की पांढरे सत्त्व निघून जाते आणि हाती एक चिवट लगदा उरतो. ते गव्हातले प्रथिन. सध्या वाळवणाचे दिवस आहेत, म्हणून एक खुलासा करतो. कुरडयांसाठी आपण जो गव्हाचा चीक काढतो तो मुख्यतः पिष्ट असतो. ग्लूटेन बरेचसे चोथ्यात जाते. तथापि ते सगळे निघून जात नाही. म्हणून ज्याला ग्लूटेन वर्ज्य आहे त्याने कुरडईही खाऊ नये. गव्हातल्यासारखीच प्रथिने जवात आणि राय नावाच्या धान्यातही असतात.

आता मुख्य भेद. "मला गहू मानवत नाही" या एका वाक्यामागे तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली सीलिॲक रोग. हा रोग अपचन नव्हे आणि ॲलर्जीही नव्हे. यात ग्लूटेन पोटात गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा चवताळते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर तुटून पडते. निरोगी आतड्याच्या आतल्या बाजूस मखमलीच्या लवेसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात आणि अन्नरस तेथे शोषला जातो. या रोगात ते झिजून सपाट होतात. आपल्या तालुक्याचे दुःख ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगावयास नको. आषाढ-श्रावणात येथे पाऊस धो धो कोसळतो, १८९२ साली बांधून झालेल्या तानसेच्या धरणातून मुंबईची तहान भागते, आणि वैशाखात आमच्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. कारण उघड्या कातळावर पडलेले पाणी मुरत नाही, वाहून जाते. सीलिॲक झालेल्या मुलाचे तसेच होते. ते जेवते; पण जेवलेले अंगी लागत नाही.

म्हणून अशा मुलाचे पोट फुगते, हातपाय काडीसारखे राहतात, जुलाब हटत नाहीत, उंची खुंटते. परंतु सगळ्यांनाच जुलाब होतात असे मात्र नाही. कोणाच्या बाबतीत रक्त कमी असणे एवढीच खूण असते आणि लोहाच्या गोळ्या कितीही घेतल्या तरी ते भरून येत नाही. कोणाची हाडे अकाली ठिसूळ होतात, कोणाला तोंड वारंवार येते, कोणाच्या कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड उठतात, कोणा मुलीला वयात यावयास उशीर होतो, कोणा विवाहितेचा गर्भ टिकत नाही. एकच रोग इतकी सोंगे घेतो, म्हणून तो निसटतो.

दुसरी गोष्ट गव्हाची ॲलर्जी. हिचा मामला रोखठोक. गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा थोड्या तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो, क्वचित प्राणावर बेतते. हिची तपासणी वेगळी, उपचार वेगळे.

तिसरी गोष्ट ती, जिला ग्लूटेनची असहिष्णुता म्हणतात. येथे पोट फुगते, दुखते, थकवा येतो, डोके जड होते. परंतु आतडे झिजत नाही आणि रक्तात सीलिॲकची खूण सापडत नाही. हा त्रास खोटा नसतो, हे आम्ही ठासून सांगतो. पण तो सिद्ध करणारी रक्ताची चाचणी आज उपलब्ध नाही. वरच्या दोन गोष्टी नाहीत अशी खात्री झाल्यावर, वैद्याच्या देखरेखीखाली गहू काही आठवडे बंद करून व पुन्हा सुरू करूनच तो पारखावा लागतो. शिवाय पुष्कळदा गुन्हेगार ग्लूटेन नसतेच. नॉर्वेमध्ये ५९ माणसांवर केलेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. सीलिॲक नसताना ही माणसे स्वतःहून ग्लूटेन वर्ज्य करून बसली होती. त्यांना नकळत कधी ग्लूटेन, कधी फ्रुक्टान नावाची शर्करा, तर कधी दोहोंविना खाद्य देण्यात आले. त्रास अधिक झाला तो फ्रुक्टानने. ही शर्करा गव्हात असते, तशी कांद्यात आणि लसणातही असते. म्हणजे बिचाऱ्या पोळीवर आळ, आणि दोषाचा वाटेकरी फोडणीतही बसलेला!

या रोगाचा इतिहास बोधप्रद आहे. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ साली त्याचे नेमके वर्णन केले आणि बरे व्हावयाचे तर ते आहारानेच, हेही ओळखले. पण कोणत्या आहाराने, हे कोडे राहिले. ते सोडविले हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. गव्हाविषयी त्यांना संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या धामधुमीत, हॉलंडमध्ये उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. सारा देश खंगत असताना ही आजारी मुले मात्र सुधारू लागली, आणि पाव परत येताच पुन्हा ढासळली. डिके यांनी १९५० साली आपला प्रबंध सादर केला आणि गहू दोषी ठरला. आपल्या देशात उत्तरेकडील मुलांमधील या रोगाचा वृत्तांत १९६६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला.

तर मग हा उत्तरेचा रोग, आम्हांला त्याचे काय? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भारताच्या उत्तर, ईशान्य व दक्षिण भागांतील तेवीस हजारांवर प्रौढांचे रक्त तपासले गेले. सीलिॲकची खूण उत्तरेत हजारी बारा जणांत सापडली, तर दक्षिणेत हजारी एकात. उत्तरेत माणशी रोजचा गहू सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. परंतु ज्या आनुवंशिक ठेवणीवाचून हा रोग सहसा होत नाही, ती तिन्ही भागांत सुमारे तिघांत एकाकडे होती. बीज सगळीकडे सारखेच, खतपाणी गव्हाचे. ठेवण असणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा रोग कधीच होत नाही, हे खरे. पण गहू वाढेल तसा तो भातखाऊ मुलखातही दिसू लागेल, ही शंका मनात ठेवणे शहाणपणाचे. त्यात रेल्वेमार्गालगत कल्याणपासून आसनगावपर्यंत कितीतरी कुटुंबे गहू खाणाऱ्या प्रांतांतून येऊन आपली शेजारी झाली आहेत. मात्र एक इशारा देतो. आपल्या पाड्यांवरचे प्रत्येक रोडके मूल सीलिॲकचे आहे असे समजू नये. तेथले पहिले कारण अपुरे अन्न हेच आहे. पण पुरेसे खाऊ घालूनही, जंतांचे औषध देऊनही जे मूल उभारी धरत नाही, त्याच्या बाबतीत ही शंका घ्यावी.

आता तपासणी. पहिली पायरी सोपी आहे: दंडातून थोडे रक्त काढून त्यात टी.टी.जी. नावाची प्रतिद्रव्ये पाहतात. ही प्रतिद्रव्ये आय.जी.ए. या वर्गातली असतात आणि काही माणसांत मुळात हा वर्गच कमी असतो. तसे असल्यास चाचणी फसवी ठरते, म्हणून एकूण आय.जी.ए. किती तेही सोबत पाहून घ्यावे. रक्तात खूण सापडली तर दुसरी पायरी दुर्बिणीची. तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याच्या आरंभीचे काही बारीक तुकडे काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मुलांत प्रतिद्रव्ये फारच वाढलेली असली, तर दुसऱ्या रक्तनमुन्याने खातरजमा करून तज्ज्ञ कधी कधी तुकडा न काढताही निदान करतात. सुरुवात आपल्या उपजिल्हा वा ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी. दुर्बिणीची सोय मुंबईच्या केईएम, शीव, नायर अशा मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत आहे. शहापूरकरांना कसाऱ्याकडून येणारी लोकल आहे, मुरबाडकरांना कल्याणपर्यंत एस.टी. आहे. एक दिवस मोडेल. पण आयुष्याचा प्रश्न सुटेल.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या दोन्ही तपासण्या गहू खाणे चालू असतानाच कराव्यात. गहू बंद केला की प्रतिद्रव्ये हळूहळू उतरतात, आतडे भरून येऊ लागते, आणि तपासणीत काहीच सापडत नाही. चोर पळून गेल्यावर पंचनामा करण्यासारखे ते होते! आधीच गहू सोडला असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तो पुन्हा सुरू करून, दिवसातून एकाहून अधिक जेवणांत निदान सहा आठवडे खाऊन, मग रक्त द्यावे लागते. ज्याला त्रास होतो त्याला हे किती जड जाईल! म्हणून म्हणतो, शेजारणीने सांगितले म्हणून किंवा फोनवर वाचले म्हणून पोळी सोडू नका. तसेच रक्ताच्या एका थेंबावरून पन्नास-शंभर पदार्थांची "न मानवणारी" यादी काढून देणाऱ्या ज्या आय.जी.जी. चाचण्या विकल्या जातात, त्यांवर पैसे घालवू नका. त्यांच्याने यांपैकी काहीही सिद्ध होत नाही.

कोणी म्हणेल, गहू सोडून बरे वाटते ना? मग नावाशी काय करावयाचे? फरक मोठा आहे. असहिष्णुता असलेल्याने सणाला एक पुरणपोळी खाल्ली तर फार तर रात्र वाईट जाईल. सीलिॲकच्या रोग्याला मात्र चिमूटभर कणीकही वर्ज्य, आणि तीही जन्मभर. लक्षण दिसो वा न दिसो, आतडे आतून झिजतच असते. शिवाय त्याच्या आईबाप, भावंडे व मुलांपैकी शंभरात सात-आठ जणांना हा रोग निघतो, म्हणून त्यांचीही तपासणी हवी. आणि आपल्या घरांत पथ्य पाळणे सोपे नाही. नव्या सुनेने पंगतीत पोळी नाकारली, सत्यनारायणाचा शिरा नुसता कपाळाला लावून ठेवला, तर तिला नखरे करते म्हणणारे आपणच असतो. तिच्या हातात निदानाचा कागद असेल तर तिला पदोपदी सफाई देत बसावे लागणार नाही. आणि ज्याला हे जन्माचे पथ्य लागू नाही, त्याच्यावर ते उगीच लादणेही अन्यायाचे.

एकदा निदान झाले, की हा रोग औषधावाचून आटोक्यात राहणारा आहे, आणि येथे आपला मुलूख भाग्यवान आहे. तांदूळ, नाचणी, वरई, ज्वारी, बाजरी, सगळ्या डाळी, सारे निर्धोक. साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा हे उपवासाचे ताट तर जसेच्या तसे चालते. दुकानातल्या महाग परदेशी पिठांची गरज नाही. डोळ्यांत तेल घालून जपावे लागते ते लपलेल्या गव्हाला. रवा, मैदा, शेवया तर उघडच. पण थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात गहू असू शकतो, सातूच्या पिठात असतो, आणि डबीतल्या बांधानी हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. गिरणीत गव्हाच्या मागून नाचणी दळली तर तिच्यात कणीक येतेच. म्हणून दळण घरी करावे किंवा गिरणीवाल्याला सांगून जाते धुऊन-पुसून वेगळ्या वेळी करावे. पोळपाट, परात व चाळणी वेगळी ठेवावी. बांधीव मालावर "ग्लूटेनमुक्त" लिहावयाचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्या देशात नियम आहे. ती अक्षरे वाचून घ्यावीत.

श्रोतेहो, आमचे मागणे थोडे आहे. आपल्या घरात किंवा शेजारी वाढ खुंटलेले मूल असेल, गोळ्या घेऊनही रक्त न भरणारी लेक असेल, वर्षानुवर्षे पोटाची तक्रार करणारे कोणी असेल, तर त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा आणि "सीलिॲकची तपासणी करावी काय?" एवढे विचारा. रक्त देण्याच्या दिवसापर्यंत त्यांच्या ताटातली पोळी मात्र काढू नका.