ऑक्टोबरचं ऊन आणि आपण ज्येष्ठ



पाऊस सरला, बिंदुसरेचं पाणी निवळलं. पण शरदातलं ऊन बोचतंच. हा पित्ताचा काळ. चरकसंहितेत या ऋतूत दही आणि दिवसाची झोप टाळायला सांगितलंय.

वयानुसार तहान कमी लागते. त्यात रात्री उठावं लागेल म्हणून आपण पाणीच तोडतो, मग चक्कर येते. पाणी सकाळी-दुपारी प्या. हृदय-किडनीवाल्यांनी डॉक्टरांना विचारून. फिरायचं ते उन्हाआधी, महामार्ग टाळून. कोजागरीला गच्चीवर या, बिनसाखरेचंही दूध असेल.

एकच मागणं: ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला आहेत, त्यांचं दार नऊपर्यंत उघडलं नाही, तर बेल वाजवा. शेजारधर्माची ही 25 वर्षांची ठेव आहे. तिचं व्याज आता उपयोगी पडू द्या.