आठ तारखेची रात्र

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळत होते. रोज रात्री अकरा वाजता सगळ्या खात्यांची प्रत काढणारी एक स्क्रिप्ट तिथं चालायची. स्क्रिप्ट म्हणजे, ज्या आज्ञा आपण टर्मिनलवर एकेक टाइप केल्या असत्या त्या ओळीनं लिहून ठेवलेली साधी फाइल. ती वाचून आज्ञा पार पाडतो तो शेल, आणि ठरलेल्या वेळी त्याला कामाला लावतो तो क्रॉन. पंधरा ओळींची ती स्क्रिप्ट मीच लिहिली होती. प्रतींसाठी दोन डिस्क होत्या: सम तारखेला एक, विषम तारखेला दुसरी.

एका महिन्याच्या 9 तारखेला दुपारी खात्यांची मूळ डिस्क गेली. मी निर्धास्त होते. आदल्या रात्रीच्या नोंदीत 'डन' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. प्रत उघडली, तर सर्वांत ताजी खाती निघाली 7 तारखेची. 8 तारखेचा अख्खा दिवस आणि 9 ची सकाळ कुठंच नव्हती. पिग्मीचे भरणे, कर्जाचे हप्ते, कुणाच्या मुलीच्या लग्नासाठी मोडलेली ठेव, सगळं गेलं. दोन कारकुनांनी व्हाउचरचे गठ्ठे सोडून चार दिवस त्या नोंदी पुन्हा केल्या. त्यांतले वयानं मोठे असलेले काका मला म्हणाले, "मॅडम, मशीन तर म्हणतंय झालं. मग झालं नाही हे आम्हाला सांगायचं कुणी?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला बराच काळ लागला. आज त्यावरच बोलणार आहे.

10 तारखेला मी स्क्रिप्ट हातानं चालवली. बिनतक्रार चालली. प्रत्येक आज्ञा पार पाडण्याआधी शेल ती पडद्यावर दाखवतो अशी सोय आहे, 'बॅश -एक्स'. तसंही चालवून पाहिलं. खोट दिसेना. वीज गेली असेल, असं सगळ्यांचं मत पडलं. पण वीज गेली असती तर शेवटचं 'डन' लिहायला कोण उरलं होतं? बिघाड शोधताना पहिला मोह होतो तो सोयीची गोष्ट रचण्याचा, आणि आपल्याकडे वीज ही फार सोयीची गोष्ट आहे.

मग मी अंदाज बांधणं सोडलं आणि मागच्या तीन महिन्यांच्या नोंदींच्या फाइलींची यादी काढली. 'एलएस -एल'. कॉपी झालेल्या प्रत्येक फाइलचं नाव त्या नोंदीत उतरायचं, त्यामुळे रोजची नोंद चाळीसएक हजार बाइटची. यादीवर बोट ठेवून खाली येत गेले. चाळीस हजार, चाळीस हजार, एकेचाळीस, आणि मध्येच 5. पुढच्या दिवशीही 5. मग पुन्हा चाळीस हजार. पाच बाइट म्हणजे 'डन' या इंग्रजी शब्दाची चार अक्षरं आणि ओळ संपल्याची एक खूण. तारखा पाहिल्या: 8 आणि 9. त्याआधीच्या महिन्यात 8 आणि 9. त्याच्याही आधी 8 आणि 9. एकही महिना सुटला नव्हता, आणि 10 तारखेपासून दर वेळी सगळं आपोआप सुरळीत होत होतं.

8 तारखेची वाट पाहायची गरज नव्हती. तारीख सम की विषम हे स्क्रिप्ट दोननं भागून, बाकी पाहून ठरवायची, आणि तारीख तिला दोन आकड्यांत मिळायची, 8 ची 08. ते एकच गणित मी टर्मिनलवर लिहिलं: 07 ला 2 नं भागून बाकी. उत्तर आलं 1. मग 08. शेलनं उत्तर दिलं नाही, तक्रार केली: व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस. म्हणजे, ज्या पद्धतीनं मी हा आकडा वाचतोय तिच्यात एवढा मोठा अंक बसत नाही.

शेलच्या गणितात शून्यानं सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची धरली जाते. तिच्यात अंक 0 ते 7 एवढेच. 01 ते 07 दोन्ही पद्धतींत सारखेच, म्हणून आठवडाभर काही कळत नाही. 08 आणि 09 या मुळी संख्याच नव्हेत. 10 ला पुढं शून्य नाही, म्हणून तिथून गाडी पुन्हा रुळावर.

आता पुढच्या शून्याला हा अर्थ आला कुठून? 1969 साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मरे हिल इथं, बेल लॅब्जमध्ये, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची, म्हणजे शेल ज्या घराण्यातला त्या कार्यप्रणालीची, सुरुवात केली ती पीडीपी-7 या संगणकावर. त्याचा एक शब्द 18 बिटांचा. अठराला तीननं पूर्ण भाग जातो, म्हणून त्या यंत्रावर संख्या तीन-तीन बिटांच्या गटांत, अष्टमानात लिहिणं सोयीचं होतं. थॉम्पसन यांच्या बी भाषेत पुढचं शून्य ही अष्टमानाची खूण झाली. तीच रिचींच्या सी भाषेत गेली आणि सीच्या वळणावर शेलच्या गणितात आली. एका यंत्राच्या शब्दाची लांबी पन्नासएक वर्षांनंतरही आपल्या कॅलेंडरशी भांडते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पण काकांचा प्रश्न शून्याबद्दल नव्हता. शेलनं 8 तारखेलाही तक्रार केलीच होती. ती आमच्यापर्यंत पोचली का नाही? कारण मीच ती पोचू दिली नव्हती. क्रॉन एका निरुपद्रवी इशाऱ्याची मेल रोज रात्री पाठवायचा, मॅनेजर वैतागायचे. मी क्रॉनच्या ओळीच्या शेवटी चार-दोन चिन्हं टाकून सगळ्या तक्रारी 'डेव्ह-नल'मध्ये सोडल्या. डेव्ह-नल म्हणजे युनिक्समधला बिनबुडाचा आड. आत पडलेलं परत येत नाही.

ज्या वाटेनं तक्रारी येतात ती वाट कशी जन्मली हे ऐकण्यासारखं आहे. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात प्रोग्रामचं उत्तर आणि त्याची तक्रार एकाच वाटेनं बाहेर पडायची. बेल लॅब्जमध्ये मजकूर फोटोटाइपसेटरवर जुळवला जाई. कागदाची लांब पट्टी उग्र वासाच्या यंत्रातून धुऊन निघेपर्यंत काही मिनिटं जात. स्टीव्ह जॉन्सन यांनी सांगितलेली हकीकत अशी: एका दुपारी कित्येकांच्या पट्ट्यांवर लेखाऐवजी एकच ओळ सुबक टायपात उमटली, अमुक फाइल उघडता येत नाही. कुरकुर योग्य माणसांच्या कानावर गेली आणि काही दिवसांत तक्रारींसाठी स्वतंत्र वाट निघाली, स्टँडर्ड एरर. काम नीट झालं तर युनिक्सची हत्यारं सहसा गप्प असतात. म्हणूनच ती बोलतात तेव्हा ऐकायचं असतं. वाया गेलेल्या कागदांतून मिळवलेली ही वाट आपण रोज चार चिन्हांनी बुजवतो.

हे छोट्या पतसंस्थेतच होतं असंही नाही. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्यानं रात्री उशिरा, दुसरा सर्व्हर समजून, मुख्य डेटाबेसचीच डिरेक्टरी पुसायला घेतली. थांबवेपर्यंत सुमारे 300 गिगाबाइटपैकी साडेचार उरले. मग प्रतींकडे धावले, तर प्रत ठेवायची जागा रिकामी. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा, प्रत काढणारा प्रोग्राम 9.2 चा. तो चूक सांगून थांबत होता, आणि त्याच्या मेल समोरचा मेल-सर्व्हर परत लावत होता. सहा तासांपूर्वी कुणी वेगळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत होती, म्हणून निभावलं. कंपनीनं हे सगळं जगापुढं उघड मांडलं, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पुसणारा हात दमलेला होता, त्याला मी दोष देणार नाही. मला छळते ती परत लावली गेलेली मेल.

माझ्या स्क्रिप्टमध्ये आणखी एक खोट होती. गणित फसल्यावर डिस्कचा क्रमांक रिकामा राहिला आणि शेल पुढच्या ओळीवर गेला. क्रमांकाशिवायच्या नावाची डिस्कच नव्हती, म्हणून कॉपी फसली, तरी शेल पुढं गेला, आणि शेवटची ओळ 'डन' लिही म्हणत होती, ती त्यानं लिहिली. शेलला मधली ओळ फसली म्हणून थांबायची सवय नाही, ती लावावी लागते: 'सेट -ई'. ज्या नावाला कधी किंमतच दिली गेली नाही त्यावर अडायची सवयही लावावी लागते: 'सेट -यू'. रिकाम्या नावाचा धोका साधा नव्हे. 2015 च्या जानेवारीत स्टीम या संगणकी खेळांच्या सेवेच्या लिनक्स स्क्रिप्टमध्ये एका फोल्डरचं नाव रिकामं राहिलं आणि 'आरएम -आरएफ' मुळापासून पुसत सुटलं. आपल्या साऱ्या फाइली गेल्याची तक्रार वापरणाऱ्यांनी केली. ती ओळ भीतीदायक आहे, अशी टीप लिहिणाऱ्यानं तिच्याच वर ठेवलेली होती.

अशीच फसगत पाइपमध्येही होते, म्हणजे एका आज्ञेचं उत्तर थेट पुढच्या आज्ञेच्या हाती देणाऱ्या रांगेत. विहिरीपासून हातोहात बादल्या चालल्यात, आणि आपण फक्त शेवटच्या माणसाला विचारतो, बादली पोचली का? तो हो म्हणतो. ती रिकामी आहे, कारण पहिल्याचा दोर तुटलाय. शेल असाच शेवटच्या आज्ञेचा निकाल पूर्ण रांगेचा निकाल मानतो. 'पाइपफेल' लावलं की तो सगळ्या रांगेला विचारतो. क्रॉनबद्दल एवढंच: तुमच्या हाताखाली चालणारी स्क्रिप्ट क्रॉनखाली वेगळ्या घरात राहते. तिला तुमचा पाथ, म्हणजे आज्ञा कुठं शोधायच्या त्या जागांची यादी, माहीत नसतो, आणि क्रॉनच्या ओळीतलं टक्क्याचं चिन्ह तो नवी ओळ समजतो. माझ्या ओळखीत त्या चिन्हानं कितीतरी जणांची रात्र खाल्ली आहे.

पतसंस्थेतली दुरुस्ती एका ओळीची होती: संख्येआधी '10#' लिहायचं, म्हणजे शेल तिला दशमानात वाचतो. खरा वेळ गेला 'डन'ला. आता तो शब्द तेव्हाच लिहिला जातो, जेव्हा प्रतीतल्या फाइली मोजून आणि मुळाशी ताडून झालेल्या असतात. डेव्ह-नलची वाट बंद केली. रोजचा तो निरुपद्रवी इशारा का येतो ते शोधून, त्याचं कारणच दूर केलं. वीस मिनिटांचं काम होतं.

पुढच्या महिन्याच्या 8 तारखेला रात्री सव्वाअकराला काकांचा फोन आला. "मॅडम, झालं का?" मी नोंद पाहिली नाही. डिस्क उघडली आणि त्या दिवसाच्या रोजकीर्दीतली शेवटची ओळ वाचून दाखवली: एका पिग्मी एजंटचा 350 रुपयांचा भरणा.

"हां," काका म्हणाले, "ती माझ्याच हातची. संध्याकाळी सात वाजता केलेली."