आम्ल जमिनीतील भात

कोकणातील जांभ्या दगडापासून बनलेल्या जमिनीवर दर पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि निथळणाऱ्या पाण्याबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखी द्रव्ये वाहून जाऊन लोह व अॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे तेवढी मागे उरतात. त्यामुळे या जमिनींचा सामू, म्हणजे आम्लता मोजण्याचा अंक, उदासीन मानल्या जाणाऱ्या ७ च्या बराच खाली राहतो आणि खतातून दिलेले स्फुरद ऑक्साइडांना चिकटून मुळांना दुर्मिळ होते.

यावर चुना हा परिचित उपाय असला, तरी भाताला तो सरसकट सांगणे बरोबर नाही. खाचरात पाणी साठून मातीतील प्राणवायू संपला की जिवाणू फेरिक लोहाचे विद्राव्य फेरस लोहात रूपांतर करतात, त्यात आम्लता निर्माण करणारे हायड्रोजन आयन खर्ची पडतात आणि काही आठवड्यांत सामू साडेसहा-सातच्या जवळ येतो. लोहाने धरून ठेवलेले स्फुरदही याच वेळी काही अंशी मोकळे होते. म्हणून चांगली बांधबंदिस्ती हीच येथली पहिली भूसुधारणा ठरते. फेरस लोह प्रमाणाबाहेर वाढून पानांवर तांबूस ठिपके आले, तर मात्र पाणी काढून जमिनीला हवा मिळू द्यावी लागते.

चुन्याची खरी गरज भासते ती पाणी न थांबणाऱ्या वरकस जमिनीत, जिचा सामू ५ च्या खाली गेल्यास विद्राव्य अॅल्युमिनियम मुळांची वाढ खुंटवते. त्याची मात्रा केवळ सामूवरून ठरत नाही. चिकणमाती व सेंद्रिय पदार्थ यांनी धरून ठेवलेली सुप्त आम्लता प्रयोगशाळेत मोजावी लागते. चुना पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे मातीत मिसळावा आणि युरियासोबत कधीही देऊ नये, कारण त्यामुळे नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते. रॉक फॉस्फेट हे स्वस्त खत आम्लतेमुळेच विरघळते. तेव्हा त्याच्या जोडीला भरपूर चुना घालणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणे होय.

खाचरातील भातासाठी स्फुरद अडकण्यावर आणखी एक उपाय कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत आहे. तीत रोपवाटिकेत तुसाची राख मिसळतात, जिच्यातील सिलिकामुळे रोपे कणखर होतात. चिखलणीपूर्वी गिरिपुष्पाचा पाला गाडतात आणि लावणीनंतर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. गोळीतील स्फुरदाचा मातीशी संपर्क कमी येत असल्याने ते कमी अडकते, तर नत्र पावसाच्या पाण्याबरोबर सहज वाहून जात नाही. गोळी हाताने खोचण्याचे हे काम लावणीच्याच धांदलीत उरकावे लागते, ही या पद्धतीची मोठी अडचण आहे.