पाळणा लांबवायचा हक्क ग्रामसभेत मागू या
(महिला मेळाव्यातल्या भाषणाचा मजकूर)



प्लॉटच्या लढ्यात आपण एक गोष्ट शिकलो. तोंडी मागितलं की साहेब "बघू" म्हणतो. ग्रामसभेचा ठराव करून अर्ज दिला, पोच घेतली, की त्याला उत्तर द्यावं लागतं. माझं म्हणणं, बायांच्या दवाखान्यासाठीही आपण हेच करायचं.

काही भाऊ म्हणतील, जमिनीच्या मेळाव्यात हे कशाला? वनहक्क कायद्यात, २००६ च्या, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर करायचा आहे. नाव लागलं, पण दर दीड-दोन वर्षांनी बाळंतपण आणि अंगात रक्त नाही, तर ती बाई प्लॉट कसणार कशी, मोर्चाला येणार कशी?

बाई दुखणं बोलत नाही. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, सगळं अंगावर काढते. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. ती १९८९ साली छापून आली. शंभरातल्या ९२ जणींना असलं काही ना काही दुखणं निघालं. त्याआधी कधी तपासणी झालेल्या शंभरात फक्त ८. दुखणं होतं, विचारणारं कुणी नव्हतं.

सरकार आपल्या दारात आलं ते आकडे भरायला. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. ते अंमलात आलं नाही, पण त्या दिवसांची भीती म्हाताऱ्या माणसांना विचारा. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडला बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायांची ऑपरेशनं केली. तिथल्या शिबिरांनंतर १३ बाया मेल्या. मग २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा. आणि उलटी तऱ्हा पाहा. मध्य प्रदेशात १९७९ च्या सरकारी आदेशानं बैगा आणि आणखी काही आदिवासी जमातींच्या नसबंदीवर बंदी घातली. ज्या बाईला मूल नको होतं तिलाही नाही म्हटलं. एकीकडं सक्ती, एकीकडं बंदी, पण बाईला कुणी विचारलंच नाही.

म्हणून आपली मागणी, की सगळे उपाय समोर ठेवा, नीट सांगा, निवड बाई करील. तांबी आहे. 'छाया' गोळी आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. 'अंतरा' सुई दर तीन महिन्यांनी. सुईनं पाळी मागंपुढं होते, कधी बंद होते, हे सुई टोचण्याआधी सांगायला हवं. दिवाळीनंतर आपण वीटभट्टीवर जातो, तेव्हा सुईची तारीख चुकते. कार्ड सोबत ठेवा, भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा.

भावांनो, पुरुषाची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे, पोट उघडावं लागत नाही. अंगातलं बळ जात नाही. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा, मग तपासून घ्यायचं.

नको असताना दिवस गेले, तर जडीबुटीनं किंवा काडी घालून पोट पाडू नका, जीव जातो. गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे. त्यातल्या कारणांत उपाय फसून दिवस राहणं हेही येतं. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बाई अठरा वर्षांच्या वरची असेल तर तिची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, नसबंदीलाही नाही. कुणी मागितली तर म्हणायचं, लिहून द्या.

पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्या:

१) उपकेंद्रात नर्सबाई कोणत्या वारी असेल, ते भिंतीवर लिहावं.
२) तांबी, गोळ्या, सुई, निरोध यांचा साठा कायम असावा.
३) बायांची तपासणी पडद्याआड, बाईमाणसानंच करावी.
४) ऑपरेशन करा म्हणून रेशन, दाखला किंवा पट्टा कुणी अडवू नये.

ठराव वाचताना बाया पुढं बसतील. नक्कल तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला द्या, पोच घ्या, आणि ती दाव्याच्या फायलीतच लावा. महिन्यानं उत्तर नाही आलं, तर सगळ्या मिळून विचारायला जाऊ.