उद्या आधी मेहकर, मग लोणार



उद्याच्या सहलीची माहिती सांगायचं काम माझ्याकडे आलंय. ग्रुपवर बहुमत 'थेट लोणार' असं होतं. मी त्याच्या विरुद्ध बोलणार आहे.

लोणार मोठंच, वादच नाही. बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर. 2020 मध्ये ते रामसर यादीत गेलं. पण समृद्धी महामार्ग झाल्यापासून आपली मुलं इंटरचेंजला उतरतात, विवरापाशी फोटो काढतात आणि परत फिरतात. मेहकर त्यांना फलकापुरतं माहीत. आमचं इथलं घर विकल्यापासून माझी लेकही विचारते, "आता मेहकरला कशाला जायचं?" उद्या तिला सोबत आणतेय ती त्यासाठीच.

सकाळी सात वाजता शारंगधर बालाजी. 1888 साली जमिनीखाली सापडलेली ही काळ्या पाषाणाची विष्णुमूर्ती सुमारे अकरा फूट उंच आहे. परीक्षेच्या दिवसांत आपण डोळे मिटून नमस्कार करायचो आणि पळायचो. उद्या जरा डोळे उघडे ठेवून बघू. इंग्रज मूर्ती नेतील म्हणून गावाने घाईने प्रतिष्ठापना केली, ती कथा सर, तुम्हीच सांगा. आम्ही मोबाईलवर रेकॉर्ड करू.

मग कंचनीचा महाल. लोणारच्या कमळजादेवीचा दिवा वरून दिसावा एवढा उंच महाल कंचनीने बांधायला घेतला आणि तो अपुराच राहिला, ही दंतकथा आपण आजीकडून ऐकलेली. इंजिनिअर झाल्यावर मी तिचा हिशेब मांडून बघितला. लोणार इथून सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. देवीचं देऊळ विवराच्या आत, पाण्याकाठी. कडा त्याच्यावर शंभर मीटरहून उंच. तो कडा ओलांडून दिवा दिसायचा तर महाल किलोमीटरभराहून उंच हवा. दुबईचा बुर्ज खलिफा 828 मीटरचा! म्हणजे बाईची हिंमत बघा. मेहकरात वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांड्यांना या महालाने कविता दिली. 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार आपल्या गावात आणणारे तेच.

आज तिथे पडक्या भिंती आहेत. माझी सूचना एवढीच की प्रत्येक भिंतीचे फोटो त्याच कोनातून दरवर्षी काढायचे आणि टेपने मापं घ्यायची. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही जुन्या आवृत्त्या जपून ठेवतो, तसंच. कुठला दगड कधी ढळला, हे निदान कळेल. पहिली नोंद उद्या होईल. नोंदवही मी आणलीय, टेप कोणीतरी आणा.

लोणारला दुपारपर्यंत पोचू. आधी दैत्यसूदन मंदिर, ऊन उतरल्यावर विवर. सिंदखेडराजा या खेपेला नाही. जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजी जाधवांचा वाडा तासाभरात उरकायचा नसतो. त्यासाठी वेगळा दिवस काढू.

विवरात उतरायचं आहे, तेव्हा चपला नकोत, बूट घाला. पाण्याची बाटली आपापली.